डाएट कोला सोडला, आता काय पिऊ?

प्रश्न : माझं वय ३८. हिंजवडीत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली, तेव्हा गोड चहा आणि सरबतं बंद केली. मग दुपारी तीनच्या सुमाराला डाएट कोल्याचा कॅन उघडायची सवय लागली. घोट घोट करत तो सहापर्यंत पुरायचा. दोन महिन्यांपूर्वी गार पाण्याने दातांतून सणक जायला लागली. डॉक्टर म्हणाले, कीड नाही, पण दात झिजलेत, कोला बंद करा. मी केला. आता बाटलीत बिनसाखरेचं लिंबूपाणी नेते, तरी सणक वाढलीच आहे. साखरच नाही तर दात कशाने झिजतात? आणि दुपारी प्यायचं तरी काय? मला गार आणि फसफसणारं काहीतरी लागतंच.
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : ताई, आधी ती लिंबूपाण्याची बाटली थांबवा. बाकीचं वाचायच्या आधी हे करा.

लहानपणी मीठ लावून कैऱ्या खाल्ल्या की दात आंबायचे आणि रात्री भातसुद्धा चावता येत नसे, आठवतं? कैरीतलं आम्ल दातांवर काम करून गेलेलं असायचं. कीड लागते तेव्हा तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. डाएट कोल्यात जंतूंना खायला काही नसतं, पण आम्ल तयारच आलेलं असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. त्यातल्या घटकांच्या नंबरांत ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबात असतं तेच. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. साधारण ५.५च्या खाली दाताचं कवच विरघळायला लागतं. डाएट कोला ३च्या आसपास असतो आणि लिंबाचा रस २ ते २.५. या मापात एक आकडा उतरला की आम्ल दहापट होतं. पाण्यात पिळल्यावर लिंबू सौम्य होतं खरं, पण दाताला पुरेसं सौम्य होत नाही. तुम्ही आम्ल सोडलं नाहीत, नुसती बाटली बदललीत.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, दाढेतली जुनी चांदी निघायला लागलीय, जिभेला टोचते. बघितलं तर चांदी जागच्या जागी घट्ट होती. भोवतालचा दातच खाली गेला होता, त्यामुळे चांदी ओट्यासारखी वर उभी राहिली होती. शेजारच्या दाढेच्या टोकांवर मोहरीचा दाणा बसेल एवढ्या वाट्या पडल्या होत्या आणि तळाशी पिवळा थर दिसत होता. बाई कोला कधीच पीत नव्हत्या. बरीच वर्षं रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, आणि पाठोपाठ दात घासणं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण त्यांनी सगळं तब्येतीसाठीच केलं होतं.

आता तुमच्या दुपारच्या तीनचं बघू. फसफस हवी असेल तर साधा सोडा घ्या, काही न घातलेला. त्यातलं आम्ल सौम्य असतं, लाळ ते चटकन निवळते. त्यात भाजलेलं जिरं भरडून घाला, पुदिन्याची पानं चुरडून टाका. लिंबू मात्र पिळायचं नाही. ‘लेमन’ किंवा ‘ऑरेंज’ चवीचे सोडे घेऊ नका. चवीसाठी त्यात बहुतेक वेळा पुन्हा तेच ३३० घातलेलं असतं.

सगळ्यांत जास्त भरवसा माझा ताकावर आहे. तुम्ही म्हणाल, ताक तर आंबट! आंबट आहेच, पीएच साडेचारच्या आसपास. पण ताकात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच भरपूर विरघळलेलं असतं, म्हणून ते दातातून ओढून घेत नाही. कोला आणि लिंबूपाणी ओढून घेतात. नुसता आकडा बघून पेय ठरवू नये, ते यासाठी. सकाळी विरजणाचं ताजं ताक घुसळून हिंग-जिरं लावा, डब्याबरोबर थर्मासमध्ये न्या. मीठ बेताचं.

दिवसभर हाताशी बाटली लागत असेल तर तिच्यात पाणीच हवं. माठात वाळ्याची जुडी टाकून ठेवलेलं पाणी भरलंत तर नुसत्या वासानेच तहान भागते. तरतरीसाठी बिनसाखरेचा दुधाचा चहा चालेल. शहाळं दाताला कोल्यापेक्षा खूप बरं, पण त्यात साखर असते, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

कोकम सरबत, पन्हं आणि सोलकढीबद्दल लिहिताना माझ्या जिवावर येतं. मी राजापूरकडची, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या अर्काच्या, बरणीशिवाय आमचं स्वयंपाकघर पुरं होत नाही. पण कोकम आणि कैरी आंबटच. ती जेवणाबरोबर घ्या, एका बैठकीत संपवा, वर पाण्याने चूळ भरा. जेवताना लाळ भरपूर सुटते, ती दातांना सांभाळते. तुमचं खरं नुकसान केलं ते तीन तासांच्या घोटांनी. प्रत्येक घोटानंतर लाळेला आम्ल निवळायला वेळ लागतो, आणि ती निवळते तोवर तुम्ही पुढचा घोट घेता. कधी कोला प्यावासा वाटलाच तर जेवणाबरोबर पिऊन मोकळ्या व्हा. तोंडात घोळवू नका. आणि रात्री झोपताना अजिबात नको, झोपेत लाळ जवळजवळ आटलेली असते.

आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. कवच त्या वेळी मऊ पडलेलं असतं, ब्रशने तेच खरवडून निघतं. चूळ भरा, तासभर थांबा. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची. रात्री घासून झाल्यावर फेस थुंका, चूळ भरू नका, फ्लोराइडला दातावर राहू द्या. झिजून गेलेलं कवच परत येत नाही. पण मऊ पडलेला भाग लाळ आणि फ्लोराइडमुळे पुन्हा कडक होऊ शकतो, म्हणून आत्ताच थांबणं फार महत्त्वाचं आहे.

आणखी एक. तुम्हाला आंबट ढेकर येतात का, पहाटे घशाशी जळजळतं का? वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजली असेल तर ते आम्ल पोटातलं असू शकतं. पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांना छोट्या आरशाने तीच बाजू मुद्दाम दाखवायला सांगा.