जुन्या मर्सिडीज ३०० डीच्या सुटलेल्या व्हॅक्यूम नळ्या शोधून परत कशा जोडायच्या?

तुम्ही लिहिलंय, इंजिन धुऊन रंगवायला गॅरेजमध्ये दिलं, नळ्या सुटल्या, अंदाजाने जोडल्या. आता किल्ली काढली तरी गाडी चालूच राहते आणि दारांची लॉकही लागत नाहीत. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे.

आधी महत्त्वाचं. इंजिन थांबत नसेल तर बॉनेट उघडा. इंजिनवर STOP लिहिलेला खटका आहे, तो दाबून धरा, गाडी बंद होते. क्लच सोडून गाडी गिअरमध्ये बंद पाडू नका.

पेट्रोल गाडीत थ्रॉटलमुळे (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, आपोआप मिळतो. या डिझेलला थ्रॉटलच नाही, म्हणून समोर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलाय. ब्रेक हलका करणारा बूस्टर, इंजिन बंद करणारा डायफ्राम (रबरी पडदा), दारांची लॉक, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स, सगळे त्याच पंपावर. चाळीत सगळ्यांना एकच टाकी असली की तळमजल्याचा एक नळ उघडा राहिला तरी वर पाणी चढत नाही, तसंच हे. मागच्या दारातली गळती इंजिन बंद होऊ देत नाही. म्हणून सगळं एकदम जोडून बघायचं नाही. सगळं बंद करून एकेक फांदी उघडत जायचं.

पंपापासून बूस्टरकडे जाणारी जाड नळी शोधा. तिच्यात एकतर्फी व्हॉल्व्ह आहे. तो बूस्टरकडून पंपाकडे हवा जाऊ देतो, उलट नाही. तोंडाने फुंकून कळतं. याच नळीच्या अंगावरून बारीक फांदी निघते. ती काढून तोटीला घट्ट बूच लावा. इंजिन चालू करा, STOP खटक्याने बंद करा, दोन मिनिटांनी ब्रेक दाबा. पहिले दोन-तीन वेळा पेडल मऊ लागलं पाहिजे. हे जमेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी कोपऱ्यापर्यंतही नाही.

मग त्याच तोटीवर व्हॅक्यूम मोजणारं गेज लावा. इंजिन चालू असताना पाऱ्याचे ५०० मिलिमीटर किंवा जास्त मिळायला हवेत. पुण्यात हवेचा दाबच मुंबईपेक्षा सुमारे ५० मिलिमीटरने कमी असतो, तेव्हा मुंबईतल्या मित्राच्या गाडीइतका आकडा आला नाही म्हणून पंप बदलायला धावू नका.

आता गेज काढून बारीक फांदी परत लावा आणि बारीक नळ्यांकडे वळा. नळ्यांच्या रंगावर तेलाचा थर असतो, तपकिरी आणि पिवळी सारखीच दिसते. साबणाच्या पाण्याने पुसा, रॉकेल नको, रबरी टोकं फुगतात. साधी तपकिरी नळी किल्लीच्या स्विचकडे व्हॅक्यूम नेते. निळी रेघ असलेली तपकिरी तिथून परत इंजेक्शन पंपावरच्या डायफ्रामकडे येते. पिवळ्या नळ्या लॉकच्या. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव लिहा, जोडण्याआधी फोटो काढा.

पहिल्यांदा फक्त तपकिरी जोडी लावा, बाकी सगळ्यांना बूच. किल्ली काढल्यावर एक-दोन सेकंदांत इंजिन थांबलं, तर ही फांदी ठीक. नाही थांबलं तर हातपंप (हाताने व्हॅक्यूम ओढणारा, काट्याचं गेज असलेला) थेट डायफ्रामला लावून ओढा. काटा टिकला आणि इंजिन थांबलं म्हणजे दोष नळीत किंवा किल्लीच्या स्विचमध्ये. काटा पडत गेला तर डायफ्राम फाटलाय. नळीत काळं तेल दिसलं तर जवळपास खात्रीच समजा.

त्यानंतर पिवळ्या. एकेका फांदीला हातपंप लावा, काही मिनिटं काटा हलता कामा नये. गाडी जुनी आहे, दारातल्या लॉकचे रबरी डायफ्राम आधी जातात. डिकी आणि डिझेल टाकीचं झाकणही याच यंत्रणेवर आहे, ते लोक हमखास विसरतात. खराब दार सापडलं की तेवढीच फांदी बंद ठेवून गाडी खुशाल वापरा.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर त्याची नळी शेवटी लावा. ती सुटली की गिअर धक्का देऊन पडतात.

फिश टँकची मऊ नळी वापरू नका, इंजिनच्या उष्णतेने ती चपटी होते. मूळची कडक नायलॉन नळी बहुतेक वेळा शाबूत असते, तडकलेली रबरी टोकं आणि टी-आकाराचे जोड तेवढे नवे घ्या.

आणि व्हॅक्यूम पंपातून खडखडाट येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी पंप काढून बघा. त्याचं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनमध्ये जातात, आणि मग इंजिनच उघडावं लागतं.