निवडणूक दोन वर्षं लांब असताना गव्हर्नरपदासाठी जी नावं फिरतात, त्यांतलं कोण खरंच उभं राहणार हे कसं ओळखायचं?

तुम्ही अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या नावांबद्दल विचारलंय, म्हणून तिथलंच सांगतो.

तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडलेला असतो, अधिकारांच्या बाबतीत आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. शिवाय तिकीट श्रेष्ठी वाटत नाहीत; पक्षाचा उमेदवार निवडायला आधी जी प्राथमिक निवडणूक होते, तिच्यातले मतदार ठरवतात. म्हणून ‘वरून कुणाला हिरवा कंदील मिळाला’ हे शोधत बसू नका. कुणीही उतरू शकतं, त्यामुळेच याद्या लांबतात.

नाव ऐकलं की मी आधी बघतो, उभं राहण्यासाठी त्याला हातातलं काय सोडावं लागेल. मिशिगनच्या गव्हर्नरला आयुष्यात दोनच कार्यकाळ मिळतात. २०१८ आणि २०२२ जिंकलेल्या ग्रेचेन व्हिटमर २०२६ला नसणार, हे तेव्हाच ठरलं होतं. सेक्रेटरी ऑफ स्टेट (म्हणजे इथे परराष्ट्रमंत्री नव्हे, तर राज्यातल्या निवडणुकांचं काम बघणारं पद) जोसेलिन बेन्सन यांचीही मुदत त्याच वेळी संपणार होती; जानेवारी २०२५मध्ये त्या मैदानात उतरल्या. खासदाराचं गणित वेगळं, त्याला जागेवर पाणी सोडावं लागतं. २०१७मध्ये डॅन किल्डी यांचं नाव जोरात होतं, पण त्यांनी नकार दिला आणि खासदारकी राखली. उलट डेट्रॉइट शहराचे तेव्हाचे महापौर माइक डगन यांनी नोव्हेंबर २०२४मध्ये ‘पुन्हा महापौरपद लढवणार नाही’ असं सांगितलं आणि तीन आठवड्यांत अपक्ष म्हणून गव्हर्नरपदाची घोषणा केली. कुणी हातची जागा सोडतंय असं दिसलं, की कान टवकारायचे.

सुरुवातीच्या मतचाचण्यांना मी फार किंमत देत नाही. त्यांत नाव किती लोकांनी ऐकलंय एवढंच कळतं. बायडन सरकारात वाहतूकमंत्री असलेले पीट बूटिजेज मिशिगनला राहायला आले आणि त्यांचं नाव प्रत्येक यादीत झळकलं. मार्च २०२५मध्ये त्यांनी गव्हर्नरपद आणि सिनेट दोन्हींना नाही म्हटलं. जाहिरातींच्या पैशानंही नाव वर येतं. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८च्या सुरुवातीला काही चाचण्यांत आघाडीवर होते, कारण स्वतःचे पैसे घालून त्यांनी टीव्हीवर इतरांच्या आधी जाहिराती लावल्या होत्या. ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीत ते तिसरे आले. खासदार झाले ते पुढे, २०२२मध्ये.

बातम्यांत सहसा न येणारी, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सह्या. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नाव यायला नोंदणीकृत मतदारांच्या किमान १५,००० वैध सह्या लागतात आणि जास्तीत जास्त ३०,००० देता येतात. मुदत असते ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीआधीचा पंधरावा मंगळवार, म्हणजे एप्रिल. बहुतेक जण पैसे देऊन सह्या गोळा करणारी माणसं लावतात, आणि घात होतो तो तिथेच. २०२२मध्ये डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग रिपब्लिकनांचे आघाडीचे उमेदवार मानले जात होते. त्यांनी २१,३०५ सह्या दिल्या, वैध ठरल्या १०,१९२. पेरी जॉन्सन यांच्या २३,१९३ पैकी १३,८०० टिकल्या. असे एकूण पाच जण बाद झाले, कोर्टात गेलेल्यांचाही निभाव लागला नाही. क्रेग यांचं नाव तेव्हा वर्षभर चर्चेत होतं!

तपासणाऱ्यांना संशय आला तो कागदांवरूनच. दारोदार फिरलेला कागद चुरगळतो, मळतो, कुणी ओळ सोडून लिहितं, कुणी पत्ता खोडतं. हे कागद मात्र कोरे करकरीत होते आणि पानभर एकाच वळणाचं अक्षर होतं. काही ठिकाणी चारपाच जणांनी कागद आपसांत फिरवून आळीपाळीनं खोट्या सह्या केल्याच्या खुणा होत्या. ज्यांनी या सह्या आणल्या, तीच माणसं एकापेक्षा जास्त उमेदवारांकडे काम करत होती, म्हणून पाचही जण एकदम बुडाले.

तेव्हा निवडणुकीला वर्ष उरलं की राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर जा. कुणाची प्रचार समिती नोंदली गेली, तिच्यात किती देणग्या आल्या आणि किती शिल्लक आहे, हे तिथे कुणालाही बघता येतं. हिवाळ्यात सह्यांच्या कामावर खर्च दिसला तर माणूस तयारीत आहे. मार्च उजाडला तरी तो खर्च दिसत नसेल आणि स्वयंसेवकांची फौजही नसेल, तर नाव कितीही मोठं असो, मी ते यादीतून खोडतो.