कावळा शिवला नाही, म्हणजे आबांचं काही राहिलं का?

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला थेट कुणी येत नाही. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, चिडचिड होते असं सांगत येतात. कावळ्याची गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघते, तीही "तुम्ही हसाल मॅडम" असं म्हणून.

ही मुलगी २७ वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजोबा जाऊन चार महिने झाले होते. आईवडील दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सातवीपर्यंत ती सातारा जिल्ह्यातल्या गावी आजी-आबांकडेच वाढलेली. आबा ७९ वर्षांचे होते. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण "पिकलं पान होतं, सोनं झालं त्यांचं" म्हणायचा आणि हिला वाटायचं, मग आपल्यालाच एवढं का लागलंय? दुचाकीवर सिग्नलला थांबलं की रडू यायचं. हेल्मेट असतं म्हणून बरं, असं म्हणाली.

घाटावर काय झालं ते तिनं फार बारकाईनं सांगितलं. पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. काका म्हणाले, आईला अंतर देणार नाही. वडील म्हणाले, जमीन विकणार नाही. तरी कावळा हलेना. तेवढ्यात मागून एक चुलती म्हणाली, "नातीच्या लग्नाचं राहिलंय त्यांचं." सगळ्या माना हिच्याकडे वळल्या. हिनं दोन स्थळं नाकारलेली, ते सगळ्यांना ठाऊक. ऊन चढल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घरी आली. ही मात्र मनानं तिथंच अडकली.

अशा वेळी मी कावळ्यावर वाद घालत नाही. त्या सकाळी त्याच घाटावर आणखी दोन दहावे होते आणि कावळ्यांची पोटं भरलेली असणार, हे तिचं तिलाही कळत होतं. कळून भार उतरत नव्हता. आणि त्या रिवाजाची मला किंमतही वाटते. मागे राहिलेल्या म्हातारीला सांभाळायचा शब्द चारचौघांत, नदीकाठी द्यायला लावणारी दुसरी जागा आपल्याकडे नाही. फक्त एक आहे. तिथं जे बोललं जातं ते बोलणाऱ्याच्या मनातलं असतं. चुलतीला हिच्या लग्नाची काळजी होती, ती तिनं आबांच्या नावावर घातली.

मी तिला विचारलं, "आबांचा एक साधा दिवस सांग." कष्टाळू होते, घरासाठी झिजले, एवढं सांगून ती थांबली. पुढे आलं ते सगळं दवाखान्यातलं: ऑक्सिजनची नळी, सुजलेले हात, तिचा न उचललेला एक फोन. हे बहुतेकांचं होतं. शेवटचे आठ-पंधरा दिवस सगळ्या आयुष्यावर पसरून बसतात आणि अपराधीपणा तिथंच मुरतो. म्हणून मी तिला काम दिलं. घरातल्या प्रत्येकाला फोन करून आबांची एकेक गोष्ट विचारायची. गुण नकोत, घडलेलं हवं.

आबा मिलमध्ये होते, एवढंच तिला माहीत होतं. आता कळलं की मुंबईच्या गिरणगावात ते आधी बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम, नाहीतर परत खोलीवर. मग साच्यावर, म्हणजे मागावर, कायम झाले. साच्यांच्या आवाजात ओठ आणि हात हलवून बोलायची सवय लागलेली, कानही गेलेले. गावी टीव्ही मोठ्यानं का लागायचा, ते तिला तेव्हा उमगलं. तुटलेला धागा बोटांच्या चिमटीत क्षणात सांधायचे. तिच्या दप्तराचा उसवलेला बंद त्यांनी तसाच सांधलेला तिला आठवला. गाठ एवढी बारीक की नखालाही लागत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आबा तेव्हा छत्तिशीत. बायकापोरांना गावी धाडलं, स्वतः मुंबईतच राहिले. रात्री वॉचमन, सकाळी भाजीची गाडी. त्याच ओढगस्तीत थोरल्या मुलीला, म्हणजे हिच्या आत्याला, भावकीतून स्थळ आलं. पोरगी नुकती दहावी झालेली. खाणारं एक तोंड कमी होईल, असं सगळ्यांचं मत. आबा एसटीनं गावी आले, पाहुण्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पोरीला नर्सिंगला जायचंय. लग्न कुठं पळून चाललंय?"

हे आत्यानंच फोनवर सांगितलं. ते मला सांगताना ही आधी रडली, मग एकदम हसली. "मॅडम, इच्छा राहिली असलीच तर सोडतीतल्या घराची असेल!" गिरणी कामगारांच्या घरांसाठी आबांनी अर्ज भरला होता, नंबर शेवटपर्यंत लागला नाही. प्रत्येक सोडतीच्या दिवशी ते दाढी करून बसायचे म्हणे.

आत्याच्या वेळचा निवाडा जसाच्या तसा नातीला लागू होतो, असं मी म्हटलं नाही. तीच म्हणाली, "माझं लग्न बघायला त्यांना आवडलं असतंच हो." आवडलं असतं, हे ती आता सांगू शकत होती. आपण त्यांचं देणं लागतो, हे म्हणणं बंद झालं होतं.

असंच काही तुमच्या घरात असेल तर वय सांगून कुणाचं दुःख मोजू नका. सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, ध्यास सुटत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर मात्र आठवणी गोळा करण्यावर भागवू नका, तज्ज्ञाला भेटा. जगावंसं वाटत नसेल तर महिनेही मोजू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

तिचं लग्न अजून ठरलेलं नाही. त्यावर आमचं बोलणं चालू आहे; त्यात पगार येतो, शहर येतं, आईची घाई येते. आबा येत नाहीत.