ठेव मोडली, विद्यापीठाचे दानही मोडले

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापिका आहे, लग्न केलेले नाही. 2016 साली मृत्युपत्र करून रजिस्टर केले. बँकेतली एक मुदत ठेव, पावती क्रमांकासह, माझ्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला शिष्यवृत्तीसाठी दिली आणि बाकी सर्व मिळकत पुतण्याला. पुढे व्याजदर उतरले म्हणून ती ठेव मोडून रक्कम म्युच्युअल फंडात घातली. तिथे नॉमिनी पुतण्याच आहे. तो म्हणतो, मृत्युपत्र रजिस्टर आहे, आता काही करायला नको. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आज आहे त्या स्थितीत तुमच्या विद्यापीठाच्या हाती काहीही लागणार नाही.

अशी पत्रे मला नेहमी येतात आणि प्रत्येकात ‘रजिस्टर आहे’ हे वाक्य असतेच. नोंदणीने एवढेच कळते, की अमुक दिवशी अमुक माणसाने हा कागद हजर केला. कागदात लिहिलेली वस्तू पुढे तुमच्याकडे उरली का, हे बघणे सब-रजिस्ट्रारचे काम नाही.

तुम्ही विद्यापीठाला रक्कम दिलेली नाही, एक ठरावीक पावती दिली आहे. सगळे इथेच अडते. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चे कलम 152 सांगते, की नेमकी म्हणून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मृत्युपत्र करणाऱ्याची राहिलेली नसेल किंवा तिचे रूपांतर झाले असेल, तर ते दान संपते. कायद्याने दाखलेही दिले आहेत : सोन्याची साखळी एकाला लिहून दिली आणि नंतर मोडून तिचा पेला केला, लोकर दिली आणि तिचे कापड करून घेतले. दान गेले. सोने तेच, लोकर तीच, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तुमच्या साखळीचा पेला झाला आहे.

नुसते नूतनीकरण होऊन पावतीचा नंबर बदलला असता, तर थोडे भांडता आले असते; निकाल काय लागला असता, याची हमी मात्र मी दिली नसती. तुम्ही ठेवच मोडलीत. त्याच दिवशी मृत्युपत्र कपाटातून काढून वाचायला हवे होते.

मग ते पैसे कोणाचे? ‘बाकी सर्व मिळकत’ ज्याला दिली, त्याचे. म्हणजे पुतण्याचे. त्याच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. फक्त या बाबतीत सल्ला घेण्यासाठी तो योग्य माणूस नव्हे. नॉमिनी असल्यामुळे तो मालक होतो, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली ते पुन्हा स्पष्ट केले. पण तुमच्या मृत्युपत्रानेच ते त्याला मिळणार असतील, तर नॉमिनीचा वाद घालून उपयोग काय?

नवे मृत्युपत्र करा. जुन्याला पुरवणी जोडूनही भागते, पण तीही दोन साक्षीदारांसमोर, मृत्युपत्राइतक्याच काळजीने करावी लागते. मग त्यापेक्षा नवेच बरे. साक्षीला पुतण्या नको. दानाच्या कलमात पावतीचा नंबर, फोलिओ (म्युच्युअल फंडाचा खाते क्रमांक) यांपैकी काहीही लिहू नका. ‘कर्ज आणि खर्च वजा जाता माझ्या एकूण मिळकतीचा अमुक हिस्सा’ असे लिहा. ज्यांच्या नावाने आजचे हार्वर्ड विद्यापीठ ओळखले जाते, ते जॉन हार्वर्ड 1638 साली वारले, तेव्हा त्यांनी तिथल्या कॉलेजला अर्धी मिळकत आणि सुमारे 400 पुस्तके दिली, तीही नुसत्या तोंडी सांगण्यावर. तोंडी सांगणे तुम्हाला चालणार नाही, पण ‘अर्धी’ हा शब्द उचलण्यासारखा आहे. पैसे या खात्यातून त्या खात्यात गेले, तरी अर्धे ते अर्धेच. ठरावीक रक्कमच द्यायची असेल, तर ती अमुक गुंतवणुकीतून द्यावी आणि तिथे कमी पडल्यास इतर मिळकतीतून भरून काढावी, असे स्पष्ट लिहा.

दान विद्यापीठाच्या नावे, त्याच्या कायद्यात आहे त्याच पूर्ण नावाने करा. विभाग ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. त्याचा उल्लेख शिष्यवृत्तीच्या उद्देशात येऊ द्या. उद्या तो विभाग दुसऱ्यात विलीन झाला तर पैसे कुठे वापरायचे, तेही एका ओळीत लिहा. शिष्यवृत्तीच्या अटी विद्यापीठाला आधी दाखवलेल्या बऱ्या. करांचे तुमच्या सीएला विचारा, मिळकतीचा तपशील बघितल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही.

हे दोन बैठकांचे काम आहे. ते राहिले आणि विद्यापीठाने हक्क सांगितला, तर तारखा पडत राहतील, तुमच्या पावतीची झेरॉक्स पुराव्यात लागेल आणि बँकेचा माणूस साक्षीला येऊन सांगेल, की हे खाते कधीच बंद झाले.