मुंबई ते न्यूयॉर्क: साडेसहा तास की चोवीस?

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते, जूनमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच चाललोय. तिकिटावर मुंबईहून रात्री २ ला सुटून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेआठला पोचतो असं आहे, म्हणजे साडेसहा तास! येताना मात्र दुपारी १२ ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे येतं. खरं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मास्तरांना नमस्कार सांगा, पण तसं नसतं. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं, त्यामुळे पृथ्वीचं फिरणं थेट असं फुकटात पदरात पडत नाही. ही सगळी गंमत घड्याळाची आहे, तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची तिकडची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा, ते लोक घड्याळं मागेपुढे करत बसतात). साडेआठमध्ये साडेनऊ मिळवा, आपल्याकडे संध्याकाळचे ६ होतात, म्हणजे जाताना १६ तास. येताना तेच उलट, २४ मधून साडेनऊ वजा, राहिले साडेचौदा.

आता हा दीड तासाचा फरक कुठून आला तर वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, ताशी शंभर-दोनशे किलोमीटर तर सहज, हिवाळ्यात आणखी जास्त. विमानाचा वेग ताशी ९०० धरतात तो हवेतला, म्हणून समोरून वारा आला की जमिनीच्या हिशोबाने तो आठशेवर येतो आणि पाठीवर घेतला की हजारच्या वर जातो, म्हणून पायलट येताना तो वारा शोधतात आणि जाताना टाळतात.

अंतर सरळ मोजलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. पण ‘सरळ’ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नाही हं, तशी रेघ अरबस्तान, सहारा वाळवंट अशी जाते आणि ती लांब पडते. नातवाच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा, तो अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया करत वर चढतो आणि आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक गाठून कॅनडात उतरतो. जवळचा रस्ता तो.

त्या रस्त्याने जाऊ देतील तर ना! २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली त्यामुळे ती अरबी समुद्रावरून वळसा घालायला लागली, आणि अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. म्हणून एकाच अंतराला दोन कंपन्यांचे तास वेगळे दिसतात, तिकीट काढताना किलोमीटर बघूच नका, एकूण प्रवासाचा वेळ लिहिलेला असतो तो बघा. त्यात धावपट्टीकडे जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे कधीकधी विमान अर्धा तास आधीच उतरतं.

आणि येताना सांगलीहून गाडी बोलवाल तेव्हा ड्रायव्हरला निघायची नाही, दुसऱ्या दिवशीची तारीख सांगा.