पंपाची जागा परत घेताना कशावर सही करायची?

प्रश्न: आमची जमीन सरकारी तेल कंपनीला पेट्रोल पंपासाठी भाडेपट्ट्याने दिली होती. मुदत संपली, टाक्याही काढल्या. आता माती स्वच्छ असल्याचा अहवाल देऊन कंपनी ताबा पावतीवर सही मागते आहे. पावतीत ‘यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही’ असं वाक्य आहे. शेजाऱ्यांच्या विहिरीला मात्र डिझेलचा वास येतो. सही करावी का?

उत्तर: ते वाक्य खोडल्याशिवाय सही करू नका. ताबा नाकारायचं कारण नाही. ‘माती व भूजलाच्या प्रदूषणाबाबतचे सर्व हक्क राखून ताबा घेतला’ असं लिहून, तारीख घालून सही करा आणि पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर भाडेकरूने वाजवी झीज वगळता जागा होती तशी परत द्यायची असते. तेलाने भिजलेली माती वाजवी झिजेत बसत नाही. मूळ पट्ट्यात याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

कंपनीचा अहवाल मी पाहिला. त्यात मातीचा एकच नमुना आहे, अर्धा मीटर खोलीवरचा आणि तोही फाटकाजवळचा. पाण्याचा नमुनाच नाही. गळती होते ती टाकीच्या तळाशी, पाइपांच्या सांध्यांत, टँकर रिकामा करायच्या तोंडाशी. इंधन पाण्यापेक्षा हलकं असल्याने भूजलावर तरंगतं आणि पातळी वर-खाली होताना मधल्या मातीला माखून बसतं. वरची माती स्वच्छ निघाली म्हणून खालची स्वच्छ आहे, असं होत नाही. या अहवालावर विसंबून हक्क सोडणं मला अजिबात मान्य नाही.

स्वतंत्र तज्ज्ञाकडून टाक्यांच्या खड्ड्याभोवती भूजलापर्यंत बोअर घ्या. निरीक्षण विहिरी किमान तीन हव्यात, त्याही एका रेषेत नकोत. त्यांच्या पातळ्यांवरून पाणी कुठे वाहतं ते कळतं. कंपनीचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल: पाणी पंपाकडून त्या विहिरीकडे जातं, हे कशावरून? पाणी जिकडून येतं त्या बाजूचाही एक नमुना घ्या, म्हणजे प्रदूषण बाहेरून आलं हा बचाव तपासता येईल.

पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, जडपणा, जिवाणू पाहतात. इंधन त्यात सापडत नाही. बेंझीन, टोल्युईन, इथिलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, नाव घेऊन मागा. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. बाटली काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरायची आणि बर्फात न्यायची, नाहीतर बेंझीन उडून जातं. नमुने घेण्याची तारीख कंपनीला आधी लेखी कळवा. बाटल्यांना सील लावा, कुणी कुणाला कधी दिल्या ते प्रत्येक टप्प्यावर सहीनिशी नोंदवा.

माहिती अधिकारात रोजच्या डिपच्या (टाकीत पट्टी बुडवून मोजलेल्या साठ्याच्या) आणि साठ्यातील घटीच्या नोंदी मागा. सतत वाढती घट दिसली, तर ती गळतीकडे बोट दाखवते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात भरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी त्याच्या कायद्याच्या कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे, पर्यावरणाच्या इतर वादांसाठी कलम १४ खाली सहाच महिन्यांची. मुदत दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून मोजतात आणि ते कधी घडलं यावर वाद होतो, म्हणून वास प्रथम आल्याची तारीख शेजाऱ्यांकडून लिहून घ्या. कलम २० प्रमाणे ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व न्यायाधिकरणाला लावावंच लागतं.

शेजाऱ्यांना त्या विहिरीचं पाणी पिणं, स्वयंपाकाला वापरणं आजच थांबवायला सांगा. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ खाली विहिरीचा नमुना घेण्याचा अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. तसा अर्ज तुम्ही आणि त्यांनी मिळून याच आठवड्यात द्या.