शिल्डिंग ३५ डेसिबल, तरी लहर माघारी का येते?

प्रश्न : मेलामाइन फोम कार्बन नॅनोट्यूबच्या (वीजवाहक अतिसूक्ष्म नळ्यांच्या) शाईत तीनदा बुडवून, गच्चीवर उन्हात वाळवला. १० गिगाहर्ट्‌झला एकूण शिल्डिंग (लहर अडवण्याची क्षमता) ३५ डेसिबल. शोषणाचे २७, परावर्तनाचे ८. शोषण एवढं जास्त, मग समोरच्या सेन्सरला परतलेल्या लहरींचा त्रास का?
– संशोधक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ८ डेसिबल दिसायला किरकोळ, पण त्याचा अर्थ फोममध्ये जेमतेम १६ टक्के ऊर्जा शिरली आणि ८४ टक्के तोंडावरूनच परतली. तुमचे २७ डेसिबल त्या १६ टक्क्यांपुरतेच आहेत. (‘शोषणप्रधान’ म्हणून छापून येणाऱ्या कितीतरी फोमची हीच गत असते.) त्यामुळे थेट एस११ (समोरून परतलेल्या लहरीचं मोजमाप) बघा. तुमचा उणे पाऊण डेसिबलच्या आसपास असणार. तो उणे १० च्या खाली गेला की परावर्तन १० टक्क्यांच्या आत आलं.

दोष शाईपेक्षा उन्हाचा जास्त वाटतो. मे महिन्यात नांदेडच्या उन्हात फोमचं वरचं अंग आधी सुकतं, आतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि नॅनोट्यूबही सोबत नेतं. जिथून लहर शिरायची तेच तोंड सगळ्यात वाहक होतं. हवेच्या ३७७ ओहमशी (लहरीला हवेत असलेल्या रोधाशी) मेळ बसत नाही आणि लहरीला तो पत्राच वाटतो. अशात शाई घट्ट केलीत तर शिल्डिंग वाढेल, पण परावर्तनही वाढेल.

त्याऐवजी ४ मिमीच्या तीन चकत्या घ्या, म्हणजे लहर शिरते त्या पुढच्या तोंडापासून मागे वाहकता चढत जाईल. १०० मिली पाण्यात पुढच्या चकतीसाठी ०.१ ग्रॅम, मधल्या ०.३, मागच्या ०.५ ग्रॅम नॅनोट्यूब, सोबत तेवढंच एसडीएस (नळ्या पाण्यात सुट्या ठेवणारा साबणासारखा पदार्थ). सुरुवातीला एवढं पुरे. शाईचं भांडं बर्फात ठेवून सोनिकेटर (ध्वनिलहरींनी नळ्या सुट्या करणारं यंत्र) थांबत थांबत चालवा. फार वेळ चालवलात तर नळ्याच तुटतात. पुढच्या चकतीला एकच डिप, मागचीला तीन. ओव्हनमध्ये ६० अंशांवर, कुरडया उलटतो तशी दर दहा मिनिटांनी चकती उलटत राहा. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. चकत्यांमध्ये डिंक नको, छिद्रं बुजतात; कडेला दोऱ्याचे टाके पुरतात. कोरडा फोम कापताना मास्क हवाच.

मोजणीचा वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) २२.८६ बाय १०.१६ मिमीचा, फोम किंचित मोठा कापून दाबून बसवा, फट राहिली तर तिथून गळती होते. मग एस११ आणि एस२२ (मागच्या बाजूचं परावर्तन) शेजारी ठेवून बघा. एस२१ (आरपार गेलेली लहर) दोन्ही दिशांनी सारखाच येणार, पण हे दोन वेगळे यायला हवेत. तेही सारखेच आले तर वाहकतेची चढण तयारच झालेली नाही. पुन्हा वाळवणीकडे वळा.